सापांच्या खोल्या बांधणारा भित्रा माणूस

बमरोलीच्या नाक्यावर रिक्षा थांबतात तिथल्या विजेच्या खांबाला गेल्या महिन्यात एक फलक लागला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या अक्षरांखाली मास्टरांचे छायाचित्र होते आणि त्यांच्या गळ्यात फणा काढलेला नाग होता. नाग संगणकावर चिकटवलेला होता, हे त्याच्या सावलीवरून कळत होते; मास्टरांची सावली एका बाजूला पडली होती आणि नागाची दुसऱ्या. त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते: निर्भय सर्पमित्र.

मी त्याच दुपारी महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयाला पत्र लिहिले. विजेच्या खांबावर विनापरवाना फलक लावणे नियमबाह्य आहे, हा माझा पहिला मुद्दा. नाग हा संरक्षित वन्यप्राणी असून तो गळ्यात घालून मिरवणे हा गुन्हा आहे, आणि मृत इसमाने कधीही न केलेला गुन्हा चित्ररूपाने त्याच्या नावावर चढवणे ही त्याची बदनामी आहे, हा दुसरा. तिसरा मुद्दा कोणत्याही कलमात बसत नव्हता. तरी तो लिहिला, कारण खरा मुद्दा तोच होता: सदर इसम सापाला अतिशय भीत असे.

चार दिवसांनी तिथल्या कारकुनाचा फोन आला. पत्राबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याने हळूच गुजरातीत विचारले, “काका, ए तमारा सगामां हता?” माझ्या नात्यातले होते का, असे त्याला विचारायचे होते. मी सांगितले की नाते नाही, ते माझे भाडेकरू होते. यावर तो फलक पाहून घेतो म्हणाला. फलक अद्याप तिथेच आहे. तो उतरेल तेव्हा उतरो. परंतु माणसाविषयी खोटी नोंद राहू द्यायची नसेल तर खरी नोंद कुणीतरी केली पाहिजे. म्हणून हे लिहीत आहे.

त्यांना सगळे मास्टर म्हणत, कारण पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरणीत, ते कलर मास्टर होते. व्यापारी साडीचा तुकडा आणून टाकी आणि अगदी हाच रंग हवा म्हणे; तो रंग कुठल्या तीन डब्यांतून निघेल हे ठरवणे हे त्यांचे काम. त्याच ठिकाणी मी कामगारांच्या नोंदी आणि कोर्टाची कामे पाहत असे. ते मला वकीलसाहेब म्हणत. मी वकील नाही हे त्यांना मी अनेक वर्षे सांगत राहिलो आणि तेही दर वेळी ‘बरोबर, वकीलसाहेब’ असे म्हणून मान्य करत राहिले.

रंग जुळवायला उजेड एकसारखा लागतो. त्यासाठी मास्टरांनी प्लायवूडची एक पेटी स्वतःच बनवली होती. आतून राखाडी, वर वेगवेगळ्या दिव्यांची रांग, डोळ्यांवर झळ येऊ नये म्हणून दिव्यांपुढे पट्टी, आणि पेटी तापू नये म्हणून मागे भोकांच्या ओळी. एका व्यापाऱ्याचा तरुण मुलगा ती पेटी बघत उभा राहिला आणि म्हणाला की अशीच एक त्याच्या पायथनसाठी करून द्याल का. पायथन म्हणजे काय हे मास्टरांना ठाऊक नव्हते. मापे विचारून झाली, ऊब किती हवी ते विचारून झाले, कामाला हो म्हणून झाले, मग त्यांनी सहज विचारले की हे कापड कुठल्या मिलचे. तो साप आहे हे ऐकल्यावर ते खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. काम मात्र त्यांनी सोडले नाही, कारण शब्द दिला होता.

निवृत्तीनंतर हेच त्यांचे काम झाले. माझ्या घराचा तळमजला त्यांनी कारखान्यासाठी भाड्याने घेतला. आमच्या भाडेकरारात एक अट अशी आहे की सदर जागेत कोणत्याही कारणास्तव जिवंत सर्प आणता येणार नाही. ही अट घरमालक म्हणून मी घातली असे लोक समजतात. ती भाडेकरूने घातली. करार टंकलिखित झाल्यानंतर ती त्यांनी हाताने लिहून आणली आणि तिच्याखाली वेगळी सही करायला मला लावली.

ते पिंजरा हा शब्द खपवून घेत नसत. पेटी, टाकी, केज, काहीही म्हटलेले चालत नसे. खोली म्हणावे लागे. ‘भाऊसाहेब, तुम्ही आठ फुटांच्या जिवाला राहायला देताय. तो तिथून सुट्टीला गावी जाणार नाहीये,’ असे ते गिऱ्हाइकाला सांगत. येणारे गिऱ्हाईक बहुधा वेसू-अडाजणच्या श्रीमंत वस्त्यांतले, वडिलांचा हिऱ्यांचा किंवा कापडाचा धंदा असलेले. या मंडळींविषयी माझे मत फारसे चांगले नाही आणि ते मी लपवत नाही. हातभर लांबीचे पिल्लू आणायचे, विकणारा म्हणतो तेवढेच राहील यावर विश्वास ठेवायचा, माशांच्या काचेच्या टाकीत ते कोंबायचे, वर लोखंडी जाळी टाकून तिच्यावर वीट ठेवायची, आणि जनावर जाळीला नाक घासून रक्तबंबाळ झाले की ते रागीट आहे म्हणायचे. उघडा बल्ब आत टांगायचा, साप उबेसाठी त्याला वेटोळे घालतो आणि भाजतो; मग त्याला रात्री कुठेतरी उसाच्या शेताकडे सोडून यायचे. परदेशी प्राणी इथल्या रानात सोडणे हा गुन्हा आहे, हे मी अशा एकाला त्याच्या वडिलांसमक्ष ऐकवले तेव्हा वडील म्हणाले की मुलाला प्राण्यांची फार आवड आहे.

मास्टर असे रागावत नसत. ते फक्त गिऱ्हाइकाला खोलीत बसवत.

हा त्यांचा नियम होता. तयार झालेली खोली आधी ते स्वतः आत जाऊन तपासत. बुटका, गोल बांध्याचा माणूस. गुडघे पोटाशी घेऊन ते आत शिरत, काचेचे दार बाहेरून लावायला लावत आणि दिवा सुरू करून तासभर बसत. हात सगळ्या कोपऱ्यांतून फिरवत. कुठे खिळ्याचे टोक, कुठे प्लायचे कुसळ, कुठे सिलिकॉन सुटलेले, हे बोटांना लागे. एका टोकाला घाम येतो का आणि दुसऱ्या टोकाला सरकल्यावर बरे वाटते का, हे बघत. बाहेर आल्यावर ते पहिले वाक्य एकच म्हणत, “कडी परत बघा.” मग मालकाची पाळी. मालक आत बसल्याशिवाय खोली कारखान्यातून हलत नसे.

हिऱ्यांच्या एका कारखानदाराने कामरेजच्या फार्महाउससाठी खोली सांगितली होती. त्याला आत पितळी मोर हवे होते, झुंबर हवे होते, पाठीमागे राजवाड्याचे चित्र हवे होते. मास्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि मोराची चोच आत बसणाऱ्याच्या कपाळाला जिथे लागेल तिथे खडूने खूण करून त्याला सांगितले की साहेब, तुम्ही आत बसा, मी मोर धरतो. तो पांढऱ्या पँटमध्ये आत बसला. थोड्याच वेळात त्याने मोर नको असल्याचे सांगितले. आणखी थोड्या वेळाने झुंबरही नको झाले. बाहेर येताना त्याने स्वतःच विचारले की पाण्याचे भांडे थोडे मोठे करता येईल का.

मला मात्र ते कधी बसवू शकले नाहीत. त्यांनी अनेकदा आग्रह केला. मी सांगत असे की मी मालक नाही, प्राणी नाही, आणि करारात तशी अट नाही. ‘बरोबर, वकीलसाहेब,’ ते म्हणत.

इतके भिता तर हे काम का करता, असे त्यांना कुणीही विचारी. त्यांचे उत्तर ठरलेले होते. “आवड असलेला माणूस कडी अर्धीच लावतो. त्याला वाटतं, आपलाच आहे, कुठं जातोय. भिणारा माणूस कडी लावून अंथरुणात जातो आणि उठून परत बघायला येतो. सापाची खोली भिणाऱ्यानंच बांधावी.” त्यांच्या भीतीतून एकेक गोष्ट निघत गेली. दोन कड्या, एक वर आणि एक खाली, कारण सापाची ताकद मधोमध लागली की एका कडीचे दार वाकते. उष्णता देणारा दिवा जाळीच्या आवरणात, बटणे खोलीच्या बाहेर, आणि पहिले तापनियंत्रक बिघडले तर दिवा बंद करणारे दुसरे. आणि प्रत्येक खोलीत आतली खोली: एक बंद पेटी, सापाला लपायला, तिला वरून पडणारी झडप आणि झडपेचा दांडा बाहेर. साप आत गेला की दांडा खाली ढकलायचा, आणि सापाला पेटीसकट बाहेर काढायचे. सफाई करणाऱ्याचा हात त्याला लागतच नाही. गिऱ्हाइके या पेटीला हसत. मास्टरही हसत आणि ती घातल्याशिवाय खोली देत नसत.

सुनंदाबाई आल्या त्या मात्र वेसूहून नव्हे, आमच्याच पाठच्या चाळीतून. साड्यांना घरी बसून टिकल्या लावण्याचे काम त्या करत. त्यांचे यजमान एका व्यापाऱ्याकडे चालक होते. व्यापारी परदेशी गेला तेव्हा आपला बोआ जातीचा साप थोड्या दिवसांसाठी म्हणून यांच्या घरी ठेवून गेला आणि परतला नाही. पुढे यजमान वारले. घरात बाई आणि साप उरले. साप माशांच्या टाकीत वळकटीसारखा गुंडाळलेला असे; ताणला तर माणसापेक्षा लांब भरला असता. बाईंना सख्खा भाऊ नव्हता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपास धरतात, तो त्या आधी कुणासाठीच धरत नसत. आता याच्यासाठी धरू लागल्या होत्या. सापाचे नाव अर्थातच भाऊ.

“मना भाऊ शे तो, मास्टर,” त्या कारखान्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. “त्याले काच नको, घर पायजे.”

मी वरच्या मजल्यावरून खाली आलो, कारण मला या प्रकरणातला धोका दिसला होता. इथला अजगर कुणालाही पाळता येत नाही. असा परदेशी साप पाळता येतो, परंतु त्याची वनखात्याकडे नोंद लागते, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर त्याचीही. बाईंकडे कसलाच कागद नव्हता. नोंदीसाठी अर्ज केला तर अधिकारी पाहणीला येणार. जागा योग्य नसेल तर साप घेऊन जाणार. अर्ज केला नाही तर कुणाही शेजाऱ्याच्या तक्रारीवर साप जाणार आणि बाईंवर खटला. मी हे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की अर्ज केला आणि घर चांगले असले तर भाऊ राहील ना. मी म्हणालो, राहायला हवा. त्या व्यापाऱ्याला मी परदेशी पत्रे लिहिली, त्यांतले शेवटचे इतक्या कडक भाषेत की त्याने हस्तांतरणाचा कागद उलट टपाली पाठवला.

मास्टरांनी भाऊचे माप बाईंकडूनच घेतले. धातूची टेप सुटून फटकन आवाज होईल म्हणून साडीची लेस दिली. बाईंनी ती भाऊच्या पाठीवरून अंथरली आणि टाचणी लावून आणली. मास्टर त्यांच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहून लांबूनच पाहत होते. तिथूनही त्यांना रंग दिसला. “जमीन चिकू, त्यावर कॉफीची छपाई,” ते मला म्हणाले, “आणि शेपटीकडं लाल उतरलाय बघा. कुठंही छपाई सरकलेली नाही. हे कुठल्या मिलला जमणार?” असे बोलताना त्यांनी माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

खोली झाली. सुंदर झाली. मास्टर आत बसले, बाई आत बसल्या आणि त्यांना तिथे इतके बरे वाटले की त्या टिकल्यांचे कामही आत घेऊन बसतील की काय असे आम्हाला वाटले. भाऊ तिच्यात राहायला गेला. पाहणीची तारीख श्रावणातली आली: कानबाई बसते त्या रविवारनंतरचा मंगळवार.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कानबाई ही आमच्याकडची घरी येणारी देवी. रविवारी तिची स्थापना, सव्वाच्या मापाने दळलेल्या गव्हाचे रोट, आणि सोमवारी तिला नदीवर पोचवणे. ती येण्याआधी घर रंगवतात. भिंत रंगवतात, दार रंगवतात, फळी, ओटा, पाटसुद्धा. घरातले काहीही कोरे राहिलेले तिला दिसू नये.

सोमवारी दुपारी मी आणि मास्टर रोटाचा प्रसाद घ्यायला बाईंकडे गेलो. त्या मिरवणुकीबरोबर तापीवर गेल्या होत्या. शेजारणीने आम्हाला दार उघडून दिले आणि तीही मिरवणूक गाठायला निघून गेली. मास्टर नेहमीप्रमाणे उंबरठ्यावर थांबले. त्यांनी नाक वर केले.

“ऑइल पेंट,” ते म्हणाले. “थिनर जास्त झालंय.”

भाऊची खोली आतून राणी रंगाने रंगवलेली होती. जमीन, भिंती, छत, सगळे. रंग वरून सुकलेला आणि आतून ओला. दिवा चालू होता आणि दिव्याच्या उबेने रंगाचा वास दाट होऊन काचेमागे कोंडला होता. भाऊ हवेच्या भोकांना तोंड लावून उभट झाला होता. त्याचे तोंड उघडे होते आणि मिटत नव्हते.

मी दिव्याचे बटण बंद केले. बटण बाहेर होते. खिडक्या उघडल्या. परंतु साप त्या खोलीतून बाहेर काढणे भाग होते, आणि त्याला हाताने उचलू शकणारी एकमेव व्यक्ती नदीवर होती. मास्टर उंबरठ्यावरून बोलत होते. त्यांचा आवाज पातळ झाला होता, परंतु काय करायचे ते त्यांना नेमके ठाऊक होते. आतल्या पेटीत ब्रश पोचत नाही, म्हणाले, ती कोरी असणार. काचेवर चादर टाका. शेक घ्यायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरा आणि पेटीखाली सारा. बाहेरून खाली फट ठेवलेली आहे. भिणाऱ्याला अंधार आणि ऊब लागते.

तसेच झाले. चादरीखाली घसटण्याचा आवाज आला, आणि मी कोपरा उचलून पाहिले तेव्हा भाऊची लाल शेपटी पेटीत ओढली जात होती. मी झडपेचा दांडा खाली ढकलला. तो हलला नाही. झडपेच्या खाचेतही रंग भरला होता आणि त्याने झडप चिकटवून टाकली होती. मी सांगितले की पटाशीने खरवडावे लागेल, वेळ लागेल. तेवढ्यात तो बाहेर आला तर पुन्हा याच वासात येणार, आणि दुसऱ्यांदा आत जाईल याची खात्री कुणी द्यावी?

मास्टर उंबरठा ओलांडून आत आले. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, काचेचे दार उघडले आणि नेहमीसारखे गुडघे पोटाशी घेऊन त्या राणी रंगाच्या खोलीत शिरले. सापाकडे बघणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून ते उलटे फिरले आणि पेटीच्या तोंडाला स्वतःची पाठ लावून बसले.

“खरवडा,” ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. मी खरवडू लागलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, “वकीलसाहेब, काहीतरी बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. कलमं बोला.”

मला त्या क्षणी आमचा भाडेकरारच आठवला. मी तो पहिल्यापासून म्हणू लागलो: सदर जागा, तिच्या चतुःसीमा, पाण्याची व्यवस्था, किरकोळ दुरुस्ती. म्हणता म्हणता मी सवयीने पुढे गेलो, सदर जागेत कोणत्याही कारणास्तव जिवंत...

“तेवढं सोडून बोला,” मास्टर म्हणाले.

मी वीजबिलाच्या कलमावर असताना खाच मोकळी झाली. मी सांगितल्यावर त्यांनी पाठ बोटभर पुढे घेतली आणि झडप खाली पडली.

“पडली?”

“पडली.”

“कडी परत बघा.”

मी बघितली. मग ते बाहेर आले. खांदे, गुडघे, एक कान, सगळे राणी रंगाचे. ते भिंतीला धरून उंबरठ्यापर्यंत गेले आणि तिथे बसले. मी पाणी दिले ते त्यांनी हातातच धरून ठेवले. मग म्हणाले, “गार नाही हो. मला वाटायचं, गार असेल. पाठीला ऊब लागत होती.”

घरभर रंगाचा वास होता, तेव्हा पेटी नेणार कुठे? जवळची वास नसलेली जागा एकच: माझा तळमजला. मास्टर पेटीपासून लांब चालत माझ्याबरोबर आले, परंतु कारखान्याच्या दारात अडले. अट अट आहे, म्हणाले. आज मोडली तर उद्या काय? मी करार खाली आणला आणि त्याच्या पाठीवर लिहिले की उभयपक्षी संमतीने, भाऊ या नावाचा सर्प वरील अटीतून वगळण्यात येत आहे. दोघांनी सह्या केल्या. मास्टरांच्या अंगठ्याचा राणी रंग त्या कागदावर अजून आहे.

पशुवैद्याने येऊन भाऊला तपासले. छातीत वास गेला आहे, परंतु वेळेत काढला, असे तो म्हणाला. संध्याकाळी सुनंदाबाई नदीवरून ओल्या पायांनीच धावत आल्या. मी त्यांना बोलायचे ते बोललो, आणि आवाज चढवून बोललो. त्या पेटीजवळ बसून राहिल्या. मला त्या आप्पा म्हणत; एवढेच म्हणाल्या, “कानबाई येस ना घरमा, आप्पा. सगळा घरले रंग दिधा. त्यानीच खोली कोरी कशी ठेऊ?”

“त्यांना नका बोलू, वकीलसाहेब,” मास्टर मला म्हणाले. “चूक खोलीची आहे. रंग देता येईल अशी मी बांधली. साप कडी काढेल एवढाच विचार केला. बाईंची माया हिशेबात धरलीच नाही.”

मंगळवारी वनखात्याच्या अधिकारी आल्या. तरुण बाई होत्या. घरी राणी रंगाची रिकामी खोली आणि कारखान्यात पेटीतला साप, एवढेच त्यांना दाखवण्यासारखे होते. मी वस्तुस्थितीचे सविस्तर निवेदन तयार ठेवले होते, त्याची पहिली दोन पाने त्यांनी वाचली. मास्टरांनी मध्येच विचारले की मॅडम, जरा बसता का, आणि कोपऱ्यात तयार असलेल्या दुसऱ्या एका खोलीचे दार उघडून धरले. त्या आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग चपला काढून आत गेल्या. आत त्यांनी कोपऱ्यांवरून बोटे फिरवलेली मी पाहिली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या की या सापाची खोलीही अशीच होणार असेल तर दुरुस्तीला मुदत देते. भिंती बदलून झाल्यावर त्या परत आल्या, पाहून गेल्या, आणि नोंद झाली. तो कागद सुनंदाबाईंनी कानबाईच्या फोटोशेजारी काचेत लावला आहे. सरकारी कागद म्हणून तेवढा त्यांना रंगवता आला नाही, असे मास्टर म्हणत.

त्या दिवसानंतर त्यांची भीती गेली असे कुणाला वाटेल. मुळीच गेली नाही. भाऊ कारखान्यात होता तोवर त्यांनी रंधा मारला तो त्याच्याकडे तोंड करूनच, आणि जेवायला वर माझ्याकडे येऊ लागले. परंतु पुढच्या साऱ्या खोल्या त्यांनी वेगळ्या केल्या. आतून पांढऱ्या गुळगुळीत पत्र्यासारख्या पीव्हीसीच्या, ज्यावर रंग धरत नाही. झडपेची खाच ॲल्युमिनियमची. आणि बाहेरच्या अंगाला एक रुंद लाकडी चौकट, मुद्दाम कोरी ठेवलेली. ती कशाला, असे मी विचारले. “रंगवायला,” ते म्हणाले. “कानबाई येते ना.”

भाऊ वाढला. यंदा त्याच्यासाठी मोठी खोली घ्यायची ठरले आणि मास्टरांनी ती उन्हाळ्यात पुरी केली. दारे लावून झाली, दिवा बसवून झाला. दुसऱ्या दिवशी ते आत बसणार होते. त्या सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले, तोंडावर कसलीही भीती नव्हती, हे मी पाहिले आहे आणि जबाबदारीने लिहीत आहे.

तेरावे झाल्यावर सुनंदाबाई कारखान्यात आल्या. खोली न्यायची होती. त्यांनी काचेवरची धूळ पदराने पुसली, दार उघडले, आणि मग तिथेच उभ्या राहिल्या.

“आप्पा, हिच्यात अजून कुणी बसलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी बसेन. पण आधी मास्टर बसायचे. आधी कोण?”

मी म्हणणार होतो की मी मालक नाही, प्राणी नाही, आणि करारात तशी अट नाही. चष्मा काढून खिशात ठेवला. माझ्या वयाला आणि गुडघ्यांना ते सोपे गेले नाही. बाईंनी डोक्यावर हात धरून मला आत सारले. दार लागले. वरची कडी, खालची कडी. दिवा लागला.

मी हात फिरवला. बाहेरून दिसणारी चौकट त्यांनी ओबडधोबड सोडली होती. आतला, कुणाला कधी दिसणार नाही असा प्रत्येक कोपरा बाळाच्या टाळूसारखा गोल केलेला होता. एका टोकाला डोके तापू लागले, तेव्हा दुसऱ्या टोकाला सरकलो आणि बरे वाटले. तिथे, बसलेल्या माणसाची पाठ टेकते त्याच उंचीवर, आतल्या पेटीची झडप होती. मी तिला पाठ लावून पाहिली. नंतर काचेतून बाहेर पाहिले: त्यांचा रंधा, त्यांची टोपी, भिंतीवर रंगाचे तुकडे, आणि काचेवर दोन्ही हात टेकवून वाकलेल्या सुनंदाबाई.

“कसं वाटस, आप्पा?” त्यांनी विचारले.

मी काचेतून वरच्या कडीकडे बोट दाखवले.

“कडी परत बघा,” मी म्हणालो.